मित्रास पत्र : गाडीतली वीज आणि काकूंची झोप

घोडबंदर रोड,
ठाणे (पश्चिम)
दि. १२ जानेवारी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. व्हॅनमध्ये पलंग बसला, पडदे शिवून झाले आणि मार्चमध्ये काकूंना घेऊन गुहागरला जायचे ठरले, हे वाचून फार आनंद झाला. गाडीत विजेसाठी कोणते पॉवर स्टेशन (म्हणजे प्लग लावता येणारे मोठ्या बॅटरीचे खोके) घ्यावे, असे तू विचारले आहेस आणि काकूंना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावावे लागते हे अगदी शेवटच्या ओळीत लिहिले आहेस. मी मात्र उत्तराची सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासूनच करणार आहे, कारण माझ्या बाबांनाही तेच मशीन लागते आणि या बाबतीत माझ्याकडून एकदा मोठी चूक झालेली आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हरिहरेश्वरला गाडीतच मुक्काम केला होता. आमच्या पॉवर स्टेशनवर ७२० वॅट अवर (म्हणजे ७२ वॅटचे उपकरण दहा तास चालेल इतकी साठवलेली वीज) असे लिहिलेले होते आणि संध्याकाळी पडद्यावर पूर्ण १०० टक्के दिसत होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. रात्री साडेदहाला बाबा मशीन लावून झोपले. तीनच्या सुमारास एक बारीक बीप ऐकू आला, पाठोपाठ पंखा मंदावून थांबला आणि मशीनचा तो संथ फुसफुस आवाजही बंद पडला. टॉर्च लावून पाहिले तो बाबा मास्क हातात धरून पलंगाच्या कडेला बसलेले. "काही नाही रे, तू झोप," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर उजाडेपर्यंत आम्ही दोघेही झोपलो नाही.

घरी परतल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. त्या मशीनमध्ये हवा दमट करणारे पाण्याचे भांडे असते आणि ते पाणी गरम करण्यासाठी वीज लागते. ते धरून मशीन सुमारे ७५ वॅट घेत होते. छोटा फ्रिज सरासरी २०, पंखा १५, आणि ज्याच्याकडे आपले कधीच लक्ष जात नाही तो पॉवर स्टेशनमधला इन्व्हर्टर (बॅटरीतली वीज घरच्या प्लगसारखी करून देणारा भाग) नुसता चालू राहण्यासाठीच आणखी १५. म्हणजे तासाला १२५ वॅट अवर. बॅटरीतली वीज २३० व्होल्टची करताना १०-१५ टक्के वाया जाते, म्हणजे ७२० मधले हाती आले साधारण ६१०. ते पाच तासही पुरणार नव्हते, आणि तसेच घडले. खोक्यात बिघाड काहीच नव्हता, मीच नुसता आकडा वाचून हिशेब करायला विसरलो होतो.

डॉक्टरांना विचारून आम्ही पुढच्या वेळी पाणी गरम करणे बंद ठेवले (किनाऱ्यावरची हवा मुळातच दमट असते), आणि मशीनसाठी त्याच कंपनीची थेट डीसीवर (म्हणजे बॅटरीतून येते तशा विजेवर) चालणारी केबल घेतली. बॅटरीत डीसी, इन्व्हर्टरने तिची एसी (घरच्या प्लगमधली वीज) करायची आणि मशीनच्या अडॅप्टरने पुन्हा डीसी, हा द्राविडी प्राणायाम त्यामुळे टळला. मशीन ३५ वॅटवर आले, इन्व्हर्टर बंदच राहिला, एकूण भार ७० वॅटवर उतरला आणि त्याच खोक्यावर बाबा नऊ तास झोपले. तूही काकूंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याचे भांडे बंद करू नकोस. ते हवेच असे म्हणाले, तर निदान १,००० वॅट अवरच्या पुढचे पॉवर स्टेशन घे.

इंडक्शन शेगडीचा विचार मात्र सोडून दे. १५०० वॅटवर कुकर २० मिनिटे चालला की ५०० वॅट अवर संपतात, म्हणजे जवळजवळ काकूंची अख्खी रात्र त्या एका कुकरात जाते. स्वयंपाकाला छोटा गॅस ने आणि तो गाडीबाहेर पेटव.

बॅटरी एलएफपी प्रकारचीच घे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. हे द्रव्य बॅटरीसाठी उपयोगी असल्याचे जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. निकेलवाल्या लिथियम बॅटरीपेक्षा ही वजनाला थोडी जड असते, पण उष्णता अधिक सोसते आणि कितीतरी जास्त वेळा चार्ज होते. तुझ्या मनात हिमाचलमधली थंडगार स्पितीही आहे, म्हणून सांगतो : शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये, तिचे कायमचे नुकसान होते.

अमेरिकेहून भावाकडून मागवण्याची कल्पना मला पटत नाही. तिथले पॉवर स्टेशन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे असते, आपल्या घरच्या विजेसारखे २३० व्होल्टचे नव्हे. शिवाय विमानात प्रवाशाला १०० वॅट अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, आणि विमान कंपनीने परवानगी दिली तर १६० पर्यंत.

गाडीत कायमची बॅटरी बसवून वायरिंग करावे की सुटे खोके न्यावे, हाही तुझा प्रश्न आहे. तू वर्षातून चार-पाच वेळा जाणार, म्हणून मी सुट्याच्या बाजूने आहे. ते घरी वीज गेल्यावर उपयोगी पडते, गाडी विकली तरी आपल्याकडे राहते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर जी बंधने आहेत त्यांचा प्रश्न या खोक्यामुळे उभा राहत नाही. मात्र सुटे म्हणजे मोकळे नव्हे. दहा-बारा किलोची वस्तू घाटात करकचून ब्रेक लागल्यावर कुठे जाऊन आदळेल याचा नेम नसतो. ते पट्ट्याने जमिनीलगत आवळून बांध आणि खोक्यातल्या पंख्याच्या जाळीवर गादी किंवा पांघरूण येऊ देऊ नकोस.

चार्जिंगचे म्हणशील, तर डॅशबोर्डच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून जेमतेम १०० ते १२० वॅट मिळतात, कारण त्यामागे लहानसा फ्यूज असतो. ठाण्याहून गुहागरपर्यंतच्या सात-आठ तासांत त्यातून एका रात्रीची वीज भरून निघते; पण दुसऱ्या दिवशी गाडी जागेवर उभी राहिली की ते साधनही संपते. म्हणून २०० वॅटचे घडीचे सोलर पॅनेल घे. स्वच्छ उन्हात त्यातून १३० ते १५० वॅट येतात. छतावर पक्के बसवलेले पॅनेल मला आवडत नाही, कारण त्याच्यासाठी गाडी उन्हात ठेवावी लागते आणि दुपारी काकूंना आत बसवणार नाही. गाडी सुरूच्या झाडांच्या सावलीत आणि पॅनेल लांब केबलने वाळूवरच्या उन्हात, अशी मांडणी कर. पावसाळ्यात कोकणात सोलरवर विसंबू नकोस.

उन्हाचा आणखी एक अनुभव आहे. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये पॉवर स्टेशन दुपारभर गाडीत राहिले. संध्याकाळी वर आणून प्लग लावला, तर चार्ज होईना. पडद्यावर थर्मामीटरचे लाल चिन्ह आणि खोके हाताला चटका बसेल इतके तापलेले. बहुतेक पॉवर स्टेशन ४० ते ४५ अंशांपलीकडे चार्जिंग थांबवतात, आणि बंद गाडीत उन्हाळ्यात तापमान सहज ६० च्या पुढे जाते. पंख्याखाली फरशीवर दोन-अडीच तास ठेवले, तेव्हा ते आपोआप सुरू झाले. म्हणून गाडी उन्हात लावून देवदर्शनाला किंवा जेवायला गेलात, तर ते सावलीतल्या बाजूला ठेव आणि काचा थोड्या उघड्या ठेव.

आता एक काम कर. काकूंच्या मशीनच्या अडॅप्टरवर मागच्या बाजूला व्होल्ट आणि अँपिअर बारीक अक्षरांत छापलेले असतात, त्याचा फोटो पाठव, म्हणजे कोणती डीसी केबल लागेल ते मला इथे पाहता येईल. कसारा घाट उतरून येताना पहिला मुक्काम आमच्याकडेच करा. माझ्याकडे वॅट मोजणारा मीटर आहे. त्या रात्री काकूंचे मशीन त्यावर लावू, सकाळी आकडा वाचू आणि तुझे पॉवर स्टेशन घरच्या प्लगवर पूर्ण भरून मगच पुढे निघा.

काकूंना बाबांचा आणि माझा सा. न. सांग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ठाणेकर मित्र