क्योटोच्या चुलीचं तेवढं छापा

संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत क्योटोवर पानभर लेख आला, फोटो एक नंबर होते, पण 'राजधानी असल्यापासूनचं विद्यापीठ' असं जे छापलंय ते साफ चूक आहे. क्योटो जपानची राजधानी झालं ७९४ ला, सम्राट टोकियोला गेला १८६९ मध्ये आणि क्योटो विद्यापीठ निघालं १८९७ ला, म्हणजे सगळा बाडबिस्तरा हलल्यावर २८ वर्षांनी. माझी मुलगी दोन वर्षं तिथे रिसर्चला होती आणि मी महिनाभर राहून आले, म्हणून हा आगाऊपणा.

दरबार गेला तशी दरबाराची गिऱ्हाइकीही गेली, गाव ओस पडायला लागलं. पण त्याच १८६९ साली लोकांनी गल्लीगल्लीत मिळून ६४ प्राथमिक शाळा काढल्या, सरकारचा शाळांचा कायदा यायला अजून तीन वर्षं होती. आणि पैसे कसे जमवले, तर चुलीमागे! घरात पोर असो नसो, चूल पेटते ना, मग वर्गणी द्या. (आमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी मागायला गेलं की 'आम्ही दोघंच असतो हो' म्हणणारे आठवले.) शाळेवरच आगीवर नजर ठेवायला मनोरा, आत ढोल, आणि गल्लीच्या मीटिंगाही तिथेच.

मग कालवा. लेखात त्याला 'चेरीच्या झाडांचा सुंदर फिरायचा रस्ता' म्हणून एका ओळीत उडवलंय. अहो, बिवा तलावाचं पाणी डोंगर फोडून शहरात आणलंय, १८८५ ला काम सुरू आणि १८९० ला पुरं, आणि इंजिनियर तानाबे साकुरो काम सुरू झालं तेव्हा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा. आधी पाणचक्क्या बसवायचं ठरलेलं, तो अमेरिकेत जाऊन पाण्यावरची वीज बघून आला आणि प्लॅनच बदलला, १८९१ ला क्योटोतल्याच केआगेला वीज सुरू, १८९५ ला त्याच विजेवर जपानातली पहिली इलेक्ट्रिक ट्राम. आम्ही ठाणेकर १८५३ च्या पहिल्या रेल्वेचं कौतुक येईल त्या पाहुण्याला ऐकवतो, पण केआगेला मी जे रूळ बघितले त्यावरून चक्क होड्या जायच्या! उतार मोठा, होडी पाण्यातून जाणार कशी, म्हणून ती ट्रॉलीवर चढवायची आणि विजेवर दोरानं ओढायची. रूळ अजून आहेत, मधल्या खडीवर शाळेची पोरं डबे खात बसली होती.

हाच तानाबे पुढे त्या विद्यापीठात प्रोफेसर झाला. आणि तुमचा तो 'फिरायचा रस्ता' म्हणजे याच कालव्याचा फाटा, विद्यापीठातले फिलॉसॉफीचे प्रोफेसर निशिदा कितारो त्याच्या काठाने विचार करत चालायचे म्हणून त्याला तत्त्वज्ञाचा रस्ता म्हणतात. जपानचं पहिलं नोबेल, १९४९ चं, युकावा हिदेकी यांचं, तेही इथलेच विद्यार्थी. लेखात यातलं एक अक्षर नाही, हॉटेलांचे रेट मात्र तीन ठिकाणी.

तेव्हा १८९७ ची दुरुस्ती कृपया छापावी. आणि पत्र मोठं झालंय हे मला दिसतंय, कात्री लावायची तर कालव्याला लावा, चुलीचं तेवढं राहू द्या.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे