भात पिकलं की बंदूक जमा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

दि. १० डिसेंबर २०२४

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

गृहखातं कोणाकडे जाणार हे आज, पत्र लिहिताना, अजून ठरलेलं नाही. पाच तारखेला शपथविधी झाला, खाती वाटायची आहेत. म्हणून वर नाव घातलेलं नाही. जे कोणी त्या खुर्चीवर बसतील त्यांचं आधी मनापासून अभिनंदन, आणि हे पत्र आपल्यालाच आलंय असं त्यांनी समजावं ही विनंती.

मी तळकोकणातला, घाटाच्या पायथ्याशी राहणारा शेतकरी. वय ६१. दीड एकर भात, काजूची दोनशे कलमं, चाळीस माड. घरात एक ठासणीची एकनळी बंदूक आहे. म्हणजे होती. आजोबांच्या नावावर होती, मग वडिलांच्या आणि १९९८ पासून माझ्या. परवान्यावर कारण लिहिलंय : शेतसंरक्षण. एवढ्या वर्षांत माझ्याविरुद्ध साधा अदखलपात्र गुन्हासुद्धा नाही. या बंदुकीने मी मारलं कमी आणि आवाजच जास्त काढला. दारू ठासायची, केप लावायची, आभाळाकडे नळी करून बार काढायचा. डुकरांचा कळप त्या आवाजाने परत रानात शिरतो आणि ती रात्र निभावते.

यंदा १२ ऑक्टोबरला दसरा होता. रिवाजाप्रमाणे कोयता, नांगर आणि बंदूक पाटावर मांडून पूजा केली, झेंडूची फुलं वाहिली. मंगळवारी, १५ तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली. त्याच आठवड्यात निरोप आला की परवानाधारकांनी हत्यारं ठाण्यात जमा करावीत. मी नेऊन दिली. पावती घेतली.

कोकणात भात कधी पिकतं, हे मुंबईत कोणाला ठाऊक असतं का? ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. हळवं आधी, गरवं मागाहून. चार महिने चिखलात पाय कुजवून जे उभं केलं ते घरात यायचे ते दिवस. नेमक्या त्याच दिवसांत माझी बंदूक सरकारच्या कपाटात. लोकसभेला १६ मार्चला आचारसंहिता लागली ती जूनपर्यंत. तो काजूचा आणि आंब्याचा हंगाम. तेव्हाही बंदूक कपाटात. एका वर्षात दोन्ही पिकं उघडी पडली.

त्या वेळी आम्ही चौदा शेतकरी अर्ज घेऊन गेलो होतो. अधिकाऱ्यांनी चहा दिला, अर्ज ठेवून घेतला. ‘शेतसंरक्षणाच्या बंदुका यापुढे सरसकट जमा करणार नाही, प्रत्येकाचं प्रकरण तपासू,’ असं तोंडावर सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला. ऑक्टोबरात तपासलं काय? यादी काढली आणि निरोप धाडला.

६ नोव्हेंबरच्या रात्री माझा धाकटा भाऊ मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, राखणीला होता. हातात काठी आणि पत्र्याचा डबा. पहाटे तीनच्या सुमाराला कुणग्यात, भाताच्या तुकड्यात, खळबळ ऐकू आली म्हणून तो बॅटरी घेऊन उतरला. डुकरं डब्याला भीत नाहीत, पाच-सहा रात्रींत त्यांना तो आवाज सरावाचा होतो. एकांड्या नराने त्याला मांडीत घेतलं. सुळा हाडापर्यंत गेला. मी पोचलो तेव्हा तो बांधावर बसून पंचाने मांडी आवळत होता, आणि त्या पंचाचा मूळ रंग कुठला ते बॅटरीच्या उजेडात कळत नव्हतं. मिळेल त्या गाडीने गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेलं. सत्तावीस टाके. शिरेला धक्का बसलाय, पाऊल उचलत नाही, बोटं हलत नाहीत. तो माडावर चढणारा माणूस. आमचे आणि वाडीतल्या दहा घरांचे नारळ तोच पाडायचा. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, ‘दादा, एक बार काढलो असतो तरी तो पळान गेलो असतो.’ ते वाक्य महिना झाला माझ्या कानांतून जात नाही. कारण बार काढायला लागते ती वस्तू मीच माझ्या हाताने नेऊन दिली होती. कायदा पाळला म्हणून.

मंत्रिमहोदय, नियम मला शिकवू नका. या महिन्यात मी ते सगळे वाचले. निवडणूक आयोगाच्या सूचना सांगतात की छाननी समितीने परवाने तपासावेत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले यांच्याकडे बघावं. मी यांतला कोण? सरसकट जमा करू नका, माणसागणिक विचार करा, असं मुंबई उच्च न्यायालयानेही बजावलेलं आहे. आणि निकालाला आठवडा झाला की लगेच हत्यार परत मिळायला हवं. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. आज १० डिसेंबर. मी तीन खेपा घातल्या. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा चावी दुसऱ्याकडे, एकदा ‘वरून पत्र येऊ दे’. लोखंडाला तेल लागतं हो. दीड-दोन महिने दमट कपाटात पडलेली ठासणीची नळी आतून गंजते, आणि गंजलेल्या नळीत दारू भरली तर ती डुकराआधी माझ्याच तोंडावर फुटेल.

ज्या १२ ऑक्टोबरला मी बंदुकीला झेंडू वाहत होतो, त्याच दसऱ्याच्या रात्री मुंबईत वांद्र्याला एका माजी मंत्र्याला भर रस्त्यात गोळ्या घालून मारलं. त्या पिस्तुलांना परवाना होता का? याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरला पोलीस ठाण्याच्या आतच गोळीबार झाला आणि त्यात सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला अटक झाली. गावठी कट्टे शहरात येतात, विकले जातात, चालवले जातात. ते काही आचारसंहिता लागली म्हणून कोणी पावती घेऊन जमा करत नाही. सरकारच्या हाताला लागतो तो फक्त ज्याने आपलं नाव, पत्ता, फोटो आणि सात-बारा आधीच सरकारला दिलाय तो माणूस. यादीत मी आहे, म्हणून बंदोबस्त माझा.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिथे २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेक कोणालाही परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून हिंडता येतं. आता तिथल्या एकोणतीस राज्यांत तसंच झालंय, असं तो सांगतो. त्याच टेक्सासात उव्हाल्डे गावच्या शाळेत २०२२ साली एका अठरा वर्षांच्या पोराने एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. बंदूक त्याने दुकानातून रीतसर विकत घेतली होती. भाच्याची मुलगी पहिलीत आहे, शाळेत तिला बाकाखाली लपायचा सराव देतात. तसलं काही मला महाराष्ट्रात नको. परवाना हवाच, चौकशी हवीच, पोलिसांनी माझ्या घरी येऊन बंदूक कुठे टांगतोस ते बघावंच. मी मागतोय ते एवढंच, की परवाना दिलाय तर ज्या कामासाठी दिला त्या कामाच्या दिवसांत तो चालू द्या.

आणि सूट म्हणजे देशात नवल नाही. खाली कर्नाटकात कोडगूमध्ये (कुर्गात) कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे तिथल्या वंशपरंपरेच्या, जमीनधारकांना ब्रिटिशांच्या काळापासून परवान्यातूनच सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली, २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने उचलून धरली. केरळने २०२२ मध्ये पिकात शिरणाऱ्या डुकराला मारायची परवानगी द्यायचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षाला देऊन टाकला. आमच्याकडे डुकराला मारायचं तर वनखात्याकडे अर्ज, आणि बंदुकीसाठी तुमच्या खात्याकडे. दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मध्ये भात आडवं होतं. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन लिहिलंय. १९५९ साली ज्यांनी कायदा केला त्यांना शेतकऱ्याची रात्र ठाऊक होती. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. आमच्या वाडीत कोणाच्या घरात तीन होत्या?

माझ्या लहानपणी वाडीत सात परवाने होते. आज दोन. बाकीच्यांच्या मुलांनी बाप गेल्यावर नाद सोडला. नूतनीकरण, चारित्र्याचा दाखला, चौकशी अहवाल, फेऱ्या, प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी. पण परवाना सोडला म्हणून डुकरं शेत सोडत नाहीत. मग रानाच्या कडेला क्लचच्या तारेच्या फासक्या लागतात आणि त्यांत बिबटे सापडून तडफडतात. कोणी कुंपणात थेट वीज सोडतो आणि शेजारचं पोर दगावतं. हे आम्हाला आवडतं असं वाटतं का? मंत्रालयातून हे दिसत नसेल, तर एक रात्र माझ्या मांगरात येऊन झोपा. वटवाघळांची फडफड ऐका, मग डुकरांची खळबळ.

रानडुकराने माणूस मारला तर सरकार २५ लाख देतं. माझा भाऊ जिवंत आहे, त्याचा कागद पंचनाम्यातच अडलाय. वहिनी मला विचारते, आता काय करायचं. मी मोठा भाऊ, आणि मला उत्तर देता येत नाही.

आपण खुर्चीवर बसाल त्या दिवशी एवढं करा. शेतसंरक्षणाच्या परवान्यांची वेगळी यादी करायला सांगा. ज्यांच्यावर गुन्हा नाही त्यांच्या बंदुका निवडणुकीत घरीच राहू द्या. लवकरच जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागतील आणि तेव्हा काजू मोहोरावर असेल, किंवा बोंडावर. आणि ज्या अजून ठाण्यात अडकल्यात त्या परत द्या. माझ्या पावतीवर २१ ऑक्टोबरची तारीख आणि ठाण्याचा शिक्का आहे, छायाप्रत जोडली आहे.

वायंगणीचं, उन्हाळी भाताचं, बी काल पेरलं. आज रात्री राखणीला मी जातोय. भावाची काठी घेतली आहे.

आपला,
शेतसंरक्षण परवानाधारक एक शेतकरी
तळकोकण