ठिपके टोचणाऱ्या हातांचे आभार

ब्रेल पुस्तकांसाठी वर्षानुवर्षं कागद पुरवणारे आणि दर आठवड्याला स्वतः टोचायला बसणारे आमचे आधारस्तंभ आता नाहीत. नाव कुठेही येऊ नये, ही त्यांची अट आम्ही आजही पाळतो आहोत.

कागद जाडच हवा, हा त्यांचा आग्रह. पातळ कागदावर ठिपका फाटतो, नाहीतर चार वाचनांत बसतो. ब्रेल पाटीवर, म्हणजे ठिपक्यांच्या खाचा असलेल्या चौकटीत कागद धरून, उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. म्हणजे प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं डोक्यात धरावं लागतं. ब्रेलचं प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या जागांतून बनतं आणि त्या जागांना क्रमांक असतात. ‘र’चे ठिपके १, २, ३, ५. त्यातला पाचवा नीट उठला नाही की ‘ल’ होतो आणि ‘राख’ची ‘लाख’ होते. जास्तीचा ठिपका सपाट केला तरी बोटाला जाणवतोच, म्हणून ते अख्खं पान पुन्हा करत. केवढी ही चिकाटी!

त्यांच्यासोबत पानन्‌पान तपासणाऱ्या, मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या, ठिपके दबू नयेत म्हणून पुस्तकं आडवी न रचता उभी लावणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची अक्षरं आमच्या बोटांना ओळखू येतात.