पोस्टमनभाऊ, त्या शनिवारबद्दल आभार

नाशिकरोड, जानेवारी

प्रिय पोस्टमनभाऊ,

स. न. वि. वि.

डिसेंबरचे निवृत्तिवेतन खात्यात जमा झाल्याचा संदेश आला, त्याच दिवशी हे पत्र लिहायला हवे होते. पण थंडीने बोटे आखडतात या सबबीवर ते लांबत गेले. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही घरी येऊन माझा हयातीचा दाखला, म्हणजे निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी द्यावा लागणारा जिवंत असल्याचा पुरावा, करून दिलात, त्याबद्दल मी तुमचा मनापासून आभारी आहे. पत्र जाहीर लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की माझ्यासारख्याच गुडघे धरून बसलेल्या इतर निवृत्तांनाही ही सोय कळावी. तुमचे नाव मात्र तुमच्याच सांगण्यावरून लिहिलेले नाही.

माझी सारी नोकरी रेल्वेच्या भुसावळ विभागात स्टेशनमास्तर म्हणून झाली. त्या नोकरीत शनिवार-रविवारला अर्थ नसतो. रोस्टरमध्ये विश्रांती ज्या वारी येईल, तोच आपला रविवार. निफाड-लासलगावच्या पट्ट्यातल्या थंडीत कानटोपी घालून रात्रपाळीत गाड्यांना लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जाण्याची परवानगी, देताना, हिवाळ्यातला एखादा शनिवार घरच्या गॅलरीत उन्हात बसून काढावा, एवढीच हौस मनात असे. निवृत्तीनंतर ती पुरेपूर फिटली. फक्त नोव्हेंबर आला की दाखल्याची धास्ती सुरू होई. बँकेतली रांग, मोजक्या खुर्च्या आणि तासाभराने खिडकीशी पोहोचल्यावर ‘काका, ठसा उमटत नाही, उद्या या’ हे ऐकणे. दोष कोणा एकाचा नाही, हे मी जाणतो. त्या एका महिन्यात सगळे पेन्शनर एकदमच येतात. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, पण ती सवलत मिळायला मला अजून अवकाश आहे.

डिजिटल दाखल्याची ‘जीवन प्रमाण’ योजना नोव्हेंबर 2014 पासून आहे आणि पोस्टमन घरी येऊन तो दाखला करून देतात, हे मला शेजाऱ्यांकडून कळले. दुसरा शनिवार म्हणजे बँका बंद; त्यामुळे त्या दिवशी कोणी सरकारी काम घेऊन दारात येईल, यावर आमच्या सौभाग्यवतींचा शेवटपर्यंत विश्वास नव्हता. तुम्ही बरोबर साडेदहाला आलात. आधार कार्ड, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) क्रमांक आणि पासबुक मी टेबलावर मांडूनच ठेवले होते, ही रेल्वेची सवय. यंत्रावर एकेक बोट ठेवून झाले, अंगठेही झाले, तरी ठसा काही जुळेना. थंडीत कातडी कोरडी पडते आणि वयाने रेषा झिजतात, असे तुम्ही समजावून सांगितलेत आणि मला कोमट पाण्याने हात धुऊन यायला लावलेत. तेही साधले नाही, तेव्हा न कंटाळता खुर्ची खिडकीकडे वळवलीत, चष्मा काढायला सांगितलात, मोबाइल माझ्या चेहऱ्यासमोर धरलात आणि म्हणालात, ‘आता फक्त पापणी मिटून उघडा.’ चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची ही सोय 2021 पासून आहे म्हणे. पापणी लवली आणि भारत सरकारच्या लेखी मी जिवंत ठरलो. स्वयंपाकघरातून ‘चला, एक वर्षाची निश्चिंती’ असा शेरा आला, तेव्हा तुम्हालाही हसू आवरले नाही.

शुल्क 70 रुपये. मी शंभराची नोट पुढे करून ‘राहू द्या’ म्हटले, तर तुम्ही तीस रुपये मोजून परत केलेत. मला सर्वांत भावले ते मात्र याच्याही पलीकडचे आहे. बोटे जुळत नव्हती तेव्हा तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिले नाहीत, आणि दाखला मिळवायला बसलेल्या माणसाला आपण कोणावर तरी ओझे आहोत असे जे वाटू लागते, ते तुम्ही मला वाटू दिले नाहीत.

तुम्ही वरच्या मजल्यावरच्या आजींकडे गेलात तेव्हा अकराही वाजले नव्हते आणि अख्खा शनिवार माझ्यापुढे मोकळा होता. गॅलरीत ऊन होते. आम्ही दोघांनी तुरीच्या शेंगा सोलल्या. निम्मे दाणे सोलतानाच तोंडात गेले, हे वेगळे सांगायला नको. दुपारी बाजरीची भाकरी, लसणाच्या पातीची चटणी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी झाली. मग पायांवर शाल घेऊन वर्तमानपत्र वाचता वाचता डोळा लागला. कोणाला फोन करायचा नव्हता, कोठे जायचे नव्हते, उद्या पुन्हा रांगेत उभे राहायचे नव्हते.

वरच्या आजींचेही निवृत्तिवेतन वेळेवर आले. त्यांनी तुम्हाला आशीर्वाद कळवायला सांगितले आहेत. आमच्या इमारतीतल्या आणखी चौघांना पुढच्या वेळी तुमच्याकडूनच दाखला करून घ्यायचा आहे. त्यांची कागदपत्रे मी आधीच तपासून ठेवीन, म्हणजे तुमचा वेळ मोडणार नाही. फक्त त्या दिवशी चहाला नाही म्हणू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सेवानिवृत्त स्टेशनमास्तर