तोक नान, तो कागद मागे घेतल्याबद्दल

आदरणीय अदनान सातेम साहेब,

मलेशियातल्या सरावाक राज्याचे तुम्ही मुख्यमंत्री होता. तिथे तुम्हाला सगळे तोक नान म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, त्यात हे पत्र मराठीत. म्हणजे ते तुमच्यापर्यंत पोहोचायची शक्यता दोन्ही बाजूंनी शून्य. पण गेल्या आठवड्यात सरावाकमधल्या बाराम नदीच्या वरच्या अंगाला एका लाँगहाऊसमध्ये (अनेक कुटुंबं एकाच छपराखाली राहतात त्या लांबलचक घरात) जेवून आलो, आणि तेव्हापासून काही ते डोक्यातून जात नाही.

मी तुमच्या राज्यातल्या मिरी शहरात नोकरीला आहे. मूळचा सातारा जिल्ह्यातला, धरणग्रस्ताचा मुलगा. आमचं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा वडील लहान होते. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात 1976 साली आला. आम्ही त्याच्या आधीच उठलो होतो. आजोबांना एक नोटीस मिळाली, एक पिवळट पावती मिळाली, आणि पर्यायी जमिनीचं आश्वासन मिळालं. जमीन दाखवली ती माळावर, तिथे कुसळंसुद्धा नीट उगवत नव्हती. पुढची सगळी वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. साहेब दौऱ्यावर, फाइल वरती, सही बाकी. त्या खुर्च्यांवर किती जण बसून गेले. एकालाही आजोबांना ‘बसा’ म्हणावंसं वाटलं नाही.

म्हणून तुमची कारकीर्द मी जरा संशयानेच वाचायला घेतली होती. ॲडलेडला कायदा शिकलेले वकील, 1979 पासून विधानसभेत, राज्यात मंत्री, 2004 ते 2006 केंद्रात नैसर्गिक साधनसंपत्ती आणि पर्यावरण खात्याचे मंत्री. वर तायब महमूद यांचे एकेकाळचे मेहुणे. तायब 1981 पासून 33 वर्षं मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्याच काळात बाकुनचं 2,400 मेगावॅटचं धरण उभं राहून साधारण 10,000 माणसं सुंगाई आसापला हलवली गेली. अशा घराण्यातला माणूस 2014 मध्ये मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर आला, तर आमच्यासारख्याने काय अपेक्षा ठेवायची? नवा गडी, तेच राज्य.

बारामवर 1,200 मेगावॅटचं धरण ठरलेलं होतं. कायान, केन्या, पेनान या तिथल्या आदिवासी जमातींची मिळून 20,000 पर्यंत माणसं उठतील असं विरोध करणारे सांगत. ऑक्टोबर 2013 पासून गावकऱ्यांनी रस्ता अडवला. पाळ्या लावून, पावसात, शेतीची कामं सोडून दोन वर्षं तिथे बसून राहिले. तुम्ही 2015 मध्ये आधी काम थांबवलंत, मग लोकांना नको असेल तर धरण नको, असं सांगून टाकलंत.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. जाहीर केलं, स्थगिती दिली, समिती नेमली, हे शब्द आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहेत. स्थगिती उठवायला एक निवडणूक पुरते. पण 2016 मध्ये तुमच्या सरकारने त्या जमिनीवरची वहिवाट संपवणारी राजपत्रातली अधिसूचनाच रद्द केली. धरणाच्या जागेचे आणि बुडीत क्षेत्राचे हक्क पुन्हा लोकांकडे गेले. कागदावर गेले, हे महत्त्वाचं.

हे मी वडिलांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “नोटीस मागं घेतली? लेखी?” मी म्हटलं, हो, लेखी. “शिक्क्यानिशी?” हो, शिक्क्यानिशी. “असं करता येतं व्हय,” एवढंच म्हणाले. आयुष्यभर त्यांना सांगण्यात आलं होतं की एकदा संपादन झालं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते फिरवता येत नाही.

त्या लाँगहाऊसमध्ये ज्या आजींनी मला वाढलं, त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक दुरियानचं झाड दाखवलं. उंचच उंच, शेंड्याकडे पाहायचं तर मान मोडावी. पाणी त्याच्याही वर येणार होतं म्हणाल्या, आणि माझ्या पानात आणखी भात घातला. तिथला भात पानात गुंडाळतात; मऊ, गिचका, आपल्याकडे पथ्याला करतात तसा. सोबत नदीतला मासा आणि मागच्या उतारावरची मिरची. आमच्या गावातली झाडं कुठली होती, हे वडिलांनाही आता धड आठवत नाही.

तुमच्या बाकीच्या कामांचीही इथे चर्चा निघते. कुचिंग, सिबू आणि मिरीच्या पुलांवरचा टोल तुम्ही बंद केलात. (टोल बंद करणारा मुख्यमंत्री! आमच्याकडे असं सांगितलं तर लोक माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतील.) इथले चिनी लोक उपरे नाहीत, हे खुर्चीवरून स्पष्ट बोललात. हृदयाचं दुखणं घेऊन मे 2016 च्या निवडणुकीत फिरलात, 82 पैकी 72 जागा आणल्यात, आणि 11 जानेवारी 2017 ला, 73 वं वर्ष पुरं व्हायला काही दिवस राहिले असताना गेलात. तुम्ही काही संत नव्हता, तसं कुणी म्हणतही नाही. तीन तपं त्याच पक्षात काढलेला मुरलेला राजकारणी. पण असाच माणूस ठरवलं तर किती सरळ वागू शकतो, हे आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं. चांगुलपणाला फार मोठं काळीज लागतं असं म्हणतात. मला वाटतं, आपल्या सरकारचा कागद चुकला एवढं मान्य करण्याची तयारी लागते, आणि तीच दुर्मिळ.

बारामकडचे रस्ते अजून खराब आहेत, त्याची तक्रार आजींनी जेवतानाच केली. ही माणसं भांडखोर आहेत, पुढेही भांडतील. तुमच्याशीही भांडलीच, आणि ते तुम्ही मनात धरलं नाहीत. त्याबद्दलही आभार.

तुमचा,
साताऱ्याकडचा एक धरणग्रस्त
सध्या मुक्काम मिरी