आधी अपघात विभाग सुरू करा, मग टॉवर बांधा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : आमच्या पालिकेचा दवाखाना पाडून चाललेला 'आरोग्य संकुल' प्रकल्प आणि तेव्हापासून बंद असलेला अपघात विभाग

माननीय महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईच्या वेशीबाहेरच्या एका शहरात मी पोळीभाजी केंद्र चालवते. मंत्र्यांना पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे भाषेत काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. आमचे हे रिक्षा चालवायचे. 'चालवायचे' लिहिताना हात अडखळतो, कारण तीन महिन्यांपूर्वीपर्यंत मी 'चालवतात' असंच लिहिलं असतं.

गेल्या आठवड्यात पालिकेनं कळवलं की नव्या रुग्णालयाला अजून दोन वर्षं लागतील. भूमिपूजनाला मंचावरून शब्द दिला होता अठरा महिन्यांचा. तेव्हा दीडशे पोळ्यांची ऑर्डर जावेवर टाकून मी त्या मंडपात बसले होते आणि टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या वॉर्डात एवढं मोठं काही होतंय याचा खरोखर आनंद झाला होता. दवाखाना, त्याच्यामागची मंडई, पुढचा रस्ता, सगळ्याचा कायापालट होणार होता. रुग्णालयाभोवती शहर नव्यानं उभं राहील, असं सांगितलं गेलं.

उभे राहिले ते निळे पत्रे. आत खड्डा आहे आणि खड्ड्यात पावसाचं पाणी. पत्र्यांवर लांबलचक चित्र आहे : काचेची उंच इमारत, समोर कारंजं, हिरवळीवर चालणारी गोरीगोमटी माणसं. कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत 'संकल्पचित्र' असं छापलंय. त्या चित्रात स्ट्रेचर कुठं दिसत नाही. आजारी माणूसही नाही.

आता आमच्या घरात काय झालं ते ऐका.

दुपारी साडेतीनची वेळ होती. हे जेवून पडले होते, चहाला उठले. कप उचलला आणि तो हातातून सुटला. मी म्हटलं, 'अहो, लक्ष कुठंय?' त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोलायचा प्रयत्न केला, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि शब्द फुटत नव्हता. शेजारच्या पोरानं ह्यांचीच रिक्षा काढली. मागं मी ह्यांना धरून बसले. आणि त्या पोरानं रिक्षा सवयीनं वळवली ती जुन्या फाटकाकडे. पत्रे समोर आले तेव्हा दोघांनाही कळलं की इथं आता काही नाही. 108 ला फोन का केला नाही, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. दवाखाना तीन मिनिटांवर होता, साहेब. इतकी वर्षं आम्हाला फोन लावायची गरजच पडली नव्हती.

तिथून आम्ही तात्पुरत्या ओपीडीत गेलो. ती मंडईच्या वरच्या मजल्यावर हलवली आहे. जिना चढून मी वर गेले तर कुलूप. ओपीडी दुपारी एकपर्यंतच असते. रखवालदार भला माणूस, तो स्वतः खाली धावत आला, ह्यांना पाणी पाजायला निघाला, मीच नको म्हटलं. मग एक नर्सिंग होम. तिथं सलाइन लावलं आणि तासभर ठेवल्यावर सांगितलं की मेंदूचा फोटो काढायचं मशीन आमच्याकडे नाही. मग दुसरं, मोठं. तिथं मशीन होतं, पण आधी पन्नास हजार भरा म्हणाले. मी पिवळं रेशनकार्ड दाखवलं. 'आम्ही योजनेत नाही' असं उत्तर मिळालं. मी घरी पळाले, डबे उचकले, भिशीवालीकडे गेले, बावीस हजार जमले. तेवढ्यात सात वाजले. शेवटी सरकारी मोठ्या रुग्णालयाची वाट धरली आणि हायवेच्या गर्दीत दीड तास गेला. पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात आठ चाळीस झाले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'किती वाजता झालं हे?' मी सांगितलं. त्यांनी बोटांवर तास मोजले आणि मान खाली घातली. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पक्षाघाताचा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणाल्या. आम्हाला पाच तास दहा मिनिटं झाली होती.

जुन्या दवाखान्यात सीटी स्कॅन होतं, महोदय. चकाचक काही नव्हतं, भिंतींना ओल होती, संडासात नाक धरून जावं लागायचं. पण रात्री दोन वाजताही दिवा चालू असायचा आणि केसपेपर निघायचा. ह्यांनी स्वतः कितीतरी बायकांना बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर तिथं पोचवलं होतं, मीटर न टाकता. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना त्या फाटकातून आत नेलं, त्यांची वेळ आली तेव्हा फाटकच नव्हतं. ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

आज ह्यांची उजवी बाजू लुळी आहे. बोलतात, पण परक्याला कळत नाही, मलाच लावून घ्यावं लागतं. व्यायामाला रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. तो ह्यांच्या हातून सारखा घरंगळायचा, म्हणून मी सकाळी कणीक मळली की एक गोळा ह्यांच्या उजव्या तळहातावर ठेवते आणि त्यावर त्यांची बोटं मिटवते. परवा पहिल्यांदा गोळ्यावर दोन बोटांचे ठसे उमटले. त्या गोळ्याची पोळी मी लाटली नाही, दुपारपर्यंत तशीच ठेवली. रिक्षा विकली. मंगळसूत्र गहाण आहे. मुलानं बारावीनंतरचं शिक्षण सोडून घरोघरी पार्सल पोचवायचं काम धरलंय. एका बंद कुलपाची किंमत एवढी पडते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं दुःख खरं, पण विकासाला वेळ लागतो. लागू द्या. नव्या इमारतीला माझा कधीच विरोध नव्हता आणि आजही नाही. माझं म्हणणं एकच आहे : चालू दवाखाना बंद करायच्या आधी त्याचा अपघात विभाग दुसरीकडे चोवीस तास चालू झाला पाहिजे होता. नवं घर बांधताना माणूस आधी भाड्याची खोली बघतो. बायकापोरांना रस्त्यावर बसवून कुणी घर पाडत नाही. हे आमच्यासारख्या चाळीतल्या माणसाला कळतं, मग सल्लागार नेमून, आराखडे काढून बसलेल्या एवढ्या अधिकाऱ्यांना कळलं नाही?

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी मला कायदा वाचून दाखवला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 मध्ये पालिकेनं करायलाच हव्यात अशा गोष्टी लिहिल्या आहेत, आणि सार्वजनिक रुग्णालयं, दवाखाने त्यात आहेत. कारंजं त्यात आहे का? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात दर हजार माणसांमागे दोन खाटा हव्यात असं म्हटलंय, आणि त्या अशा वाटलेल्या हव्यात की पहिल्या मोलाच्या तासात माणूस पोचला पाहिजे. पहिल्या तासात! आम्हाला पाच लागले. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान 2013 पासून आहे, त्याच्या हिशोबानं दर पन्नास हजार वस्तीला एक आरोग्य केंद्र हवं. आमच्या वॉर्डात लाखाच्या वर माणसं राहत असतील आणि त्यांच्या वाट्याला दुपारी एकला बंद होणारी, जिन्यावरची एक ओपीडी. लंगडणाऱ्या म्हातारीनं तो जिना कसा चढायचा, हे तरी कुणी एकदा चढून बघितलंय का?

योजना आहेत, असं मला प्रत्येक जण सांगतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, मान्य. पण दारातलं रुग्णालय त्या योजनेत नसेल तर पाच लाखांचं कार्ड घेऊन मी कुठं जाऊ? 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत झाले, जाहिराती झळकल्या. पण ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरतं. पालिकेचा दवाखाना त्यात येत नाही. रोग्याला कुठं माहीत असतं की कुठली भिंत कुठल्या खात्याची? एक खातं दवाखाना बांधतं, दुसरं डॉक्टर देतं, तिसरं औषध आणतं, आणि माणूस मेला की कुठलंच खातं सापडत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा माणसं गेली. ऑक्टोबरात नांदेडला चोवीस तासांत चोवीस, त्यात तान्ही बाळं. दोन्ही वेळा ऐकायला मिळालं की रुग्ण शेवटच्या घटकेला, गंभीर अवस्थेत आणले होते. मी तेव्हा ते ऐकून 'खरं असेल' म्हणाले होते. आता मला कळतं, माणसं उशिरा का येतात. ती हौसेनं उशीर करत नाहीत. जवळची दारं ठोठावत, पैसे गोळा करत ती येतात.

आणि ह्या प्रकल्पाचं मूळ दुखणं मला जमिनीत दिसतं. दवाखान्याची जागा स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आहे. तिथल्या गाळ्याला काय भाव येतो, ते भाजीवालीसुद्धा सांगेल. पालिकेनं प्रकल्पात घेतलेल्या खासगी भागीदाराला पुढच्या बाजूला दुकानं आणि ऑफिसं, रुग्णालय मागं, असं नकाशात आहे. दुकानं आधी होणार की खाटा, हे कुणी लिहून देत नाही. भागीदारीचा अनुभव आपल्याला नाही असं नाही. मुंबईत मरोळला पालिकेच्या जमिनीवर सेव्हन हिल्स रुग्णालय झालं, दीड हजार खाटांचं ठरलं होतं, त्यातल्या वीस टक्के पालिकेच्या रुग्णांसाठी. प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलं. एवढं डोळ्यांसमोर असताना आमच्या करारात काय लिहिलंय, ते आम्हाला दाखवायला पालिका का तयार नाही?

दवाखान्याच्या जागेच्या आरक्षणातल्या फेरबदलाची जाहीर सूचना निघाली होती म्हणे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 प्रमाणे हरकतींना एक महिना असतो. मी हरकत दिली होती. 'पर्यायी अपघात विभाग सुरू झाल्याशिवाय जुना बंद करू नये', एवढंच एक वाक्य. जावेच्या मुलीनं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. त्याची पोच माझ्याकडे आहे, गोल शिक्क्याची, तारखेसकट. सुनावणीला बोलावलं. आमची अकरा जणांची सुनावणी अर्ध्या तासात उरकली, आणि माझा नंबर आला तेव्हा साहेब फोनवर होते. त्या काळात निवडून आलेले नगरसेवक नव्हते, सरकारनं नेमलेला प्रशासक होता. एकट्या मुंबईत मार्च 2022 पासून वर्षानुवर्षं तसंच चाललं, बाकी महापालिकांचीही तीच तऱ्हा. मत मागायला कुणी दारात येणार नसेल तर दार वाजवून विचारणार तरी कोण? नगरसेवक चांगला असो वाईट असो, रात्री अकराला त्याच्या दारात जाऊन ओरडता यायचं. प्रशासकाचं दार कुठं आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

अशा फेरबदलाला शेवटची मंजुरी राज्य सरकारची लागते, म्हणजे तुमच्या खात्याची. म्हणून हे पत्र तुम्हाला. माझी हरकत तुमच्या टेबलापर्यंत आली होती का, हे मला कळायला हवं.

माझं मागणं मोठं नाही. मंडईच्या तळमजल्यावर, जिना न चढता जाता येईल अशा जागी, चोवीस तासांचा अपघात विभाग महिन्याभरात चालू करा. दारात एक रुग्णवाहिका कायम उभी ठेवा आणि पक्षाघाताच्या झटक्याचा रुग्ण थेट कुठं न्यायचा, ते आधीच ठरवून फलकावर लिहा. भागीदाराशी झालेला करार मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा, त्या निळ्या पत्र्यांवर लावा. पालिकेच्या दरातल्या खाटा किती, ते त्यात मोठ्या अक्षरांत हवं. आणि रुग्णालयात पहिला रुग्ण भरती होईपर्यंत एकाही दुकानाला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. ही शेवटची अट तुम्ही घातलीत, तर दोन वर्षांचं काम किती महिन्यांत होतं ते आम्हीही बघू आणि तुम्हीही बघा.

ह्यांच्यासाठी मी काही मागत नाही. ह्यांची वेळ गेली. पण आमच्या मजल्यावर एक सहा महिन्यांची गरोदर मुलगी आहे, पलीकडे दम्याचे दोन म्हातारे आहेत, आणि ज्या पोरानं त्या दिवशी रिक्षा चालवली त्याच्या वडिलांना गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय. तो पोरगा मला रोज विचारतो, 'काकू, रात्री काही झालं तर कुठं वळवायची?'

त्याला मी काय सांगू, तेवढं कळवा.

आपली,
पालिकेचा कर वेळेवर भरणारी एक नागरिक

ता. क. : हे पत्र टाकायला पोस्टात जाताना पत्र्यांवर माणूस चढलेला दिसला. फलकावर काम पूर्ण होण्याची जी तारीख होती, तिच्यावर तो पांढरी पट्टी चिकटवत होता. नवी तारीख काय, असं मी खालून विचारलं. म्हणाला, 'ती अजून दिलेली नाही ताई, सध्या फक्त जुनी झाकायला सांगितलीय.'