औषधाने उपवास मोडत नाही

संपादक महोदय,

चर्चच्या आवारात वर्षातून एकदा मोठे आरोग्य शिबिर भरते. शेकडो जणांचा रक्तदाब मोजला जातो, चिठ्ठी हातात पडते आणि घरी गेल्यावर कपाटात जाते. त्याऐवजी दर महिन्याच्या एका ठरलेल्या रविवारी, त्याच चार-पाच स्वयंसेवकांनी त्याच माणसांची विचारपूस करावी, अशी वसईतल्या धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चच्या भाविक-समुदायांना, विनंती आहे.

पहिले काम यंत्राचे नाही, घोषणेचे आहे. कम्युनियन म्हणजे प्रार्थनेत मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद; तो घेण्यापूर्वी एक तास उपवास असतो म्हणून अनेक वयस्कर माणसे सकाळची रक्तदाबाची गोळी मागे ठेवतात. कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेचे कलम ९१९ स्पष्ट सांगते की पाणी आणि औषध यांनी हा उपवास मोडत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर खाण्याचीही मोकळीक आहे. राखेचा बुधवार (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे यांचा उपवासही फक्त १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांसाठी आहे. हे फादरांनी वेदीवरून सांगितले की लोक ऐकतात. आमच्यासारख्यांनी सांगितले तर मान डोलावतात आणि तसेच उपाशी येतात. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन टोचून न खाता पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, बसला, तर घाम, थरथर, भोवळ ठरलेलीच. शुद्धीत असेल तर चहाचे तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ला फोन करावा.

आता रक्तदाब. मिस्सा सुटल्यावर माणूस पायऱ्या उतरून, चहा घेऊन, बोलत बोलत रांगेत उभा राहतो आणि लगेच पट्टा बांधून घेतो. तो आकडा फुगलेलाच येणार. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर पाच मिनिटे गप्प बसवावे, पावले जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. चहा आणि तंबाखू अर्धा तास आधी बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा जवळ हवाच. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. दोन यंत्रे आणि विश्रांतीच्या चार खुर्च्या असल्या तर तासाला तीसेक माणसे नीट होतात. त्याहून जास्त करायला गेलात तर घाईत पाच मिनिटांची विश्रांतीच आधी गळते. १४०/९० किंवा वर आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मग डॉक्टरांकडे. १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, जीभ अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे असेल तर थेट रुग्णालय.

साखरेच्या तपासणीत बोट साबणाने धुवून कोरडे करावे. फळाचा किंवा केकचा गोडवा बोटाला राहिला तरी आकडा वाढतो. टोचणी प्रत्येकाला नवी, आणि वापरलेली जाड प्लास्टिकच्या डब्यात. तो डबा आरोग्य केंद्रातच द्यायचा, चर्चच्या कचराकुंडीत नाही. साखर मोजण्याच्या कागदी पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी, पावसाळ्यात त्या दमट हवेने बिघडतात.

खरा आधार वहीचा. नाव, आळी, आकडा, औषध आणि एक प्रश्न: गोळ्या किती दिवसांच्या उरल्या? ‘घेता का?’ विचारले की सगळेच ‘हो’ म्हणतात. रक्तदाब नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणारे या एका प्रश्नात सापडतात. गोळी सुरू किंवा बंद करण्याचा सल्ला मात्र स्वयंसेवकाने कधीच देऊ नये. आशाताईंशी, म्हणजे सरकारी आशा आरोग्यसेविकेशी, बोलून आरोग्य केंद्रात पाठवावे. टेबल शेजारच्या सर्वधर्मीयांसाठी खुले असावे आणि तिथे धर्माची चौकशी नको.

अंथरुणाला खिळलेल्यांची यादी तर धर्मग्रामाकडे तयारच असते. पहिल्या शुक्रवारी त्यांच्या घरी कम्युनियन जाते. त्याच भेटीत पाठ, माकडहाड आणि टाचा पाहाव्यात. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर ती जखमेची सुरुवात असते. घरच्यांना दर दोन तासांनी कूस बदलायला शिकवावे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना नाव जरूर घ्यावे, पण आजार वाचू नये, आणि वही कुलपात राहावी.

– आरोग्यसेवेतील काही स्वयंसेवक, वसई